चढणीचा मासा केवळ हौसेसाठी गळाला लावावा का?

अंबाझरीकाठ, नागपूर

नमस्कार. प्रश्न थोडा लांबणीचा आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गळ टाकण्याची सवय मला वडिलांकडून लागली. शाळेत असताना रविवारी सकाळी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून अंबाझरीला नेत. कणकेची गोळी गळाला कशी लावायची आणि मोरपिसाचा तरंगता दांडा बुडाला की हिसका नेमका केव्हा द्यायचा, हे त्यांनीच शिकवले. पुढे नोकरीच्या निमित्ताने कन्हान आणि वैनगंगेच्या काठावरही पुष्कळ बसलो. मासा लागला तर घरी न्यायचा, शिजवायचा आणि खायचा. पिल्लू असेल तर सोडून द्यायचे. यापलीकडे नीतीचा विचार करण्याची वेळ कधी आली नाही.

आता ती आली आहे. माझा भाचा अ‍ॅबर्डीनला नोकरीला आहे. पुढच्या जुलैत मी साठ वर्षांचा होईन, त्यानिमित्त त्याने मला स्कॉटलंडच्या डी नदीवर सॅल्मनच्या गळमासेमारीला नेण्याचे ठरवले आहे. (आपल्याकडे रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण हा मासा अगदी वेगळा.) तिथे नदीकाठ खाजगी मालकीच्या पट्ट्यांत वाटलेला असतो. दिवसाचे भाडे भरायचे आणि त्या पट्ट्यावरचा वाटाड्या, ज्याला ते ‘गिली’ म्हणतात, तो सोबत असतो. मासा कुठे विसावतो, कोणती नकली माशी दोराला बांधायची, दोर कसा फेकायचा हे सारे तो सांगतो. रविवारी सॅल्मन धरायला कायद्यानेच मनाई आहे. डी नदीवर धरलेला प्रत्येक सॅल्मन परत पाण्यात सोडायचा, असा तिथला रिवाज आहे. भाच्याने मला १९२२ सालची एक हकीकतही कळवली. जॉर्जिना बॅलंटाईन या गिलीच्या मुलीने ७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी टे नदीत ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅल्मन दोन तासांहून अधिक झुंजून काढला, आणि ब्रिटनमधला तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. ते वाचून माझे हात शिवशिवले, हे कबूल करतो.

पण त्याच रात्री आजोळची आठवण आली. माझे आजोळ पवनीजवळ. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ओढ्याचे पाणी शेताच्या बांधावरून उसळायचे आणि त्या गढूळ लोंढ्यात मासे उलटे चढायचे. आम्ही पोरे टोपल्या घेऊन उभी असायचो. एकदा मी हातभर लांबीचा मासा पकडून आजीकडे नेला. तिने त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला, पिवळी अंडी तिच्या नखाला चिकटली, आणि ती म्हणाली, “पोटुशी आहे रे, जाऊ दे तिला.” मला रडू आले, तरी मी तो मासा बांधापलीकडे सोडून आलो.

सॅल्मनही चढणीचाच मासा. समुद्रातून नदीत येतो तो अंडी घालायलाच. जो मासा मला खायचा नाही, त्याच्या तोंडात गळ अडकवायचा, तो थकेपर्यंत खेळवायचा, छायाचित्र काढायचे आणि सोडून द्यायचे, यात मी त्याच्यावर दया करतो की त्याचा छळ करतो? मारून खाणे हे यापेक्षा अधिक सरळ नाही का? ज्यांना या विषयातले कळते त्यांनी कृपया स्पष्ट लिहावे. भाच्याने अजून आगाऊ रक्कम भरलेली नाही.

परतलेला वैदर्भीय

काका, मी सिएटलला नोकरीला असताना २००८ च्या जुलैत अलास्कातल्या कीनाई नदीवर असाच वाटाड्या घेऊन गेलो होतो, म्हणून अनुभवाचे लिहितो.

कीनाईचे पाणी हिमनदीतून येते, त्यामुळे दुधात निळाई कालवल्यासारखे दिसते आणि त्यात मासा दिसत नाही. तिथला ‘किंग’ सॅल्मन हा मोठ्या माशाच्या शौकिनांचे स्वप्न असतो. लेस अँडरसन यांनी १७ मे १९८५ रोजी तिथेच ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे ४४ किलोंचा किंग काढला, आणि गळाने धरलेल्या किंगचा तो जागतिक विक्रम आहे. त्या आकड्याच्या ओढीने जगभरातून माणसे येत. आमच्या नावेत चौघे गिऱ्हाईक होतो. वाटाड्याला गिऱ्हाईक सोबत असताना स्वतः गळ टाकायला मनाई असते, पण त्याचे नाव आणि पुढच्या हंगामाची नोंदणी ही गिऱ्हाइकाला किती मोठा मासा लागतो यावरच ठरते, हे दिवसभरात लक्षात आले.

दुपारी आमच्यापैकी एकाला मोठी मादी लागली. पाऊण तास झुंज चालली. सोडायचे आधीच ठरले होते, पण त्या गृहस्थांना छायाचित्र हवे होते. पहिले नीट आले नाही म्हणून दुसरे, मग टोपी काढून तिसरे. वाटाड्या काहीच बोलला नाही. तेवढा वेळ ती मासळी हवेत होती, तिचे कल्ले उघडमीट करत होते आणि नावेच्या तळाशी पातळ रक्ताचा ओघळ आला होता. पाण्यात सोडल्यावर ती एका कुशीवर कलली आणि तशीच प्रवाहाबरोबर गेली. ती जगली असेल असे मला वाटत नाही. नोंदीत मात्र ‘सोडलेला मासा’ असे लागले.

माझा राग त्या गृहस्थांवर तितका नाही, वाटाड्यावर आहे. गिऱ्हाइकाला ‘आता पुरे’ म्हणणे हेच त्याचे खरे काम होते. पुढे कीनाईवरचे किंग इतके घटले की २०२३ मध्ये तिथली किंगची गळमासेमारी बंदच करावी लागली. ती घट केवळ गळवाल्यांमुळे झाली असे मी म्हणणार नाही, समुद्रातच काहीतरी बिघडले आहे. पण नदी रिकामी होत असताना आम्ही तिच्यातला सर्वांत मोठा मासा शोधत होतो, हे खरे आहे.

तुम्ही जायचे ठरवलेत तर आदल्या दिवशीच गिलीशी बोलून घ्या आणि मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, असे त्याला सांगा. ते ऐकून त्याचा चेहरा उजळला तर माणूस चांगला आहे असे समजा.

निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक

वरील दोन्ही मजकूर वाचले. तुमच्या आजींनी नखाने जे तपासले, त्याच्याभोवतीच या प्रश्नाचा बराचसा भाग फिरतो, म्हणून आधी माशाविषयी लिहितो.

अलास्कातला किंग आणि स्कॉटलंडचा अटलांटिक सॅल्मन यांत एक मूलभूत फरक आहे. किंग आणि पॅसिफिकमधले त्याचे जवळचे भाऊबंद एकदाच अंडी घालतात आणि मरतात. अटलांटिक सॅल्मन अंडी घातल्यावरही जगू शकतो. बहुतेक मरतात, पण थोडे, आणि त्यांत माद्या अधिक, समुद्रात परत जाऊन पुन्हा येतात. मादी शेपटीने रेती-गोट्यांत खळगा करून अंडी घालते. पिल्ले काही वर्षे नदीतच वाढतात, मग ग्रीनलंडकडच्या किंवा नॉर्वेच्या समुद्रात जातात. एकच हिवाळा समुद्रात काढून परतणारे मासे लहान असतात. दोन-तीन हिवाळे काढून येणारे मोठे असतात आणि त्यांत माद्यांचे प्रमाण जास्त असते. अंडी साधारणपणे वजनाच्या प्रमाणात असतात, किलोमागे हजाराहून अधिक. म्हणजे विक्रमासाठी ज्या माशामागे माणसे लागतात, तीच बहुधा नदीची सर्वांत लेकुरवाळी मादी असते. अलास्कात १९५७ ते २०१८ या काळातल्या मोजमापांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९९० पूर्वीच्या तुलनेत किंगची सरासरी लांबी आठ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि त्याचे मुख्य कारण मासे आता कमी वयात परततात हे होते. जगभराच्या गणतीत अटलांटिक सॅल्मनची संख्या २००६ ते २०२० या काळात २३ टक्क्यांनी कमी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला जागतिक लाल यादीत ‘संकटाच्या जवळ’ अशा वर्गात टाकले गेले, आणि ब्रिटनमध्ये तर तो ‘धोक्यात’ धरला जातो. नॉर्वेने जून २०२४ मध्ये ३३ नद्यांवरची सॅल्मन मासेमारी भर हंगामात थांबवली.

आता सोडून देण्याविषयी. थकलेल्या माशाला हवेत धरले की कल्ल्यांची पापुद्र्यासारखी पाती एकमेकांना चिकटतात आणि त्याचा श्वास पूर्ण अडतो. १९९२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी सॅल्मनच्याच कुळातल्या रेनबो ट्राउटवर प्रयोग केला. केवळ दमवून सोडलेल्यांपैकी ८८ टक्के जगले, दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी अवघे २८ टक्के. ते मासे प्रयोगासाठी शस्त्रक्रिया केलेले होते, त्यामुळे हेच आकडे नदीला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. थंड पाण्यात, टोकाला उलटा काटा नसलेल्या गळाने धरून पाण्यातल्या पाण्यात सोडलेले अटलांटिक सॅल्मन बहुसंख्येने जगतात. मात्र पाणी २० अंशांच्या वर गेले की हिशोब बदलतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि माशाला त्याच वेळी तो जास्त हवा असतो. म्हणून तुमच्या भाच्याने निवडलेला जुलै मला पटत नाही.

तुम्ही विचारण्याआधीच सांगतो की पूर्णपणे निर्दोष महिना मलाही दिसत नाही. डी नदीचा हंगाम १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर असतो. वसंतात पाणी थंड असते, पण त्या काळात चढणारे मासे संख्येने सर्वांत खालावलेले आहेत, इतके की संपूर्ण स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी धरलेला सॅल्मन सोडणे कायद्याने बंधनकारक केले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा थंडावते, पण तेव्हा माद्या तुमच्या आजीच्या शब्दांत पोटुश्या असतात.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. नदीत शिरलेला सॅल्मन खाणे थांबवतो आणि अंडी घालीपर्यंतचे महिने अंगातल्या चरबीवर काढतो. गळावरच्या माशीवर तो झडप घालतो ती भुकेने नाही. जुनी सवय, चीड किंवा प्रतिक्षिप्त क्रिया, यांवर मतभेद आहेत. अंबाझरीचा रोहू तुमच्या कणकेला भुलतो तेव्हा निदान त्याला भूक असते. इथे त्याने राखून ठेवलेली शक्ती आपण खर्च करायला लावतो आणि नव्या शिदोरीची सोय त्याच्यापाशी नसते. मला नैतिकदृष्ट्या हा मुद्दा गळाच्या जखमेपेक्षाही जड वाटतो.

तरीही मी सरसकट ‘जाऊ नका’ म्हणणार नाही, आणि त्याचे कारण कावेरी आहे. महसीर हा नदीतला मासा, आणि तिथला कुबडा महसीर हा जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये व्हॅन इंगेन यांनी कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत १२० पौंडांचा धरला होता. कावेरीकाठच्या गळमासेमारीच्या तळांवर वाटाडे आणि पाहुणे प्रत्येक माशाची नोंद ठेवून तो सोडून देत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा कुबडा महसीर नाहीसा होत चालल्याचे आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढल्याचे उघड झाले. कुबड्याला शास्त्रीय नाव तर २०१८ मध्ये निश्चित मिळाले, आणि त्याच वर्षी तो ‘अतिशय धोक्यात’ या वर्गात गेला. मधल्या काळात अभयारण्याच्या हद्दीतली गळमासेमारी बंद झाली होती. तळ उठल्यावर नदीवर राखण करणारे डोळे गेले आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना रान मोकळे झाले, अशी तिथल्या जुन्या वाटाड्यांची तक्रार आहे, आणि मला ती रास्त वाटते. मूळ दुखण्याला मात्र आपल्या महाराष्ट्राचाही हात लागला आहे. या निळ्या परांच्या, म्हणजेच खुद्री महसीराचे वर्णन साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशांवरून केले, आणि लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून महसीराची पैदास झाली. या प्रजननकेंद्राची पिल्ले सद्हेतूने दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. चांगल्या हेतूने केलेले काम नदीला मानवतेच असे नाही, हे मी स्वतः फार उशिरा शिकलो.

पशुवैद्य, सेमिनरी हिल्स

सरांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण त्यांनी सर्व हिशोब ‘किती जगले’ याचाच मांडला. जो मासा जगला त्याचे काय झाले, हाही प्रश्न आहे आणि काकांनी खरे तर तोच विचारला होता.

२००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचून निरीक्षण केले. माशांचा श्वास वेगाने होऊ लागला, त्यांनी तासन्‌तास खाणे टाळले, काही तळाशी डोलत राहिले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले. आणि मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. माशांच्या मेंदूत आपल्यासारखे बाह्यपटल नसते, म्हणून त्यांना वेदनेची जाणीव होत नाही, असे मानणारे अभ्यासक आहेत. मी रोज अशा रुग्णांवर उपचार करते ज्यांना दुखते कुठे हे सांगता येत नाही. गाय पाय उचलून धरते, कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि मी त्यांचे ऐकते. ओठ खड्यांवर घासणाऱ्या माशाचे ऐकायचे नाही, असे ठरवायला मला काही आधार सापडत नाही.

काकांनी विचारले की मारून खाणे अधिक सरळ नाही का. स्वित्झर्लंडच्या कायद्याने याच दिशेने विचार केला: सोडून देण्याच्याच हेतूने गळ टाकणे तिथे २००८ च्या पशुसंरक्षण नियमांनी निषिद्ध केले. जर्मनीतही प्राण्याला वेदना द्यायला सबळ कारण लागते, आणि करमणूक हे तसे कारण धरले जात नाही. अन्नासाठी मासा धरणाऱ्या माणसाला मी अडवणार नाही, पण तो झटपट मारावा एवढेच म्हणेन. ज्याला भूक नाही आणि ज्याच्या घरी तो मासा शिजणार नाही, त्याने पाऊण तास एका जिवाला जिवाच्या आकांताने ओढायला लावावे, याला मी खेळ म्हणू शकत नाही. खेळात दोन्ही बाजूंनी उतरायचे ठरवलेले असते.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली, तेव्हा आपण सारे नागपूरकर किती संतापलो होतो आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली होती. त्या गाड्यांतही वाटाडे होते, आणि वाघिणीला कुणी बोटही लावले नव्हते. मासा ओरडत नाही आणि त्याला पापण्या नसतात, म्हणून आपल्याला त्याचा चेहरा वाचता येत नाही, इतकाच फरक मला दिसतो.

मामातलाव, भंडारा

मी ढीवर समाजातला आहे. आमचा जिल्हा माजी मालगुजारी तलावांचा, आणि या तलावांतली मासेमारी हाच आमच्या घराचा तीन पिढ्यांचा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे वरची चर्चा वाचताना एक प्रश्न सारखा मनात येत होता, की ही नदी कोणाची?

काका लिहितात की डीच्या काठाचे पट्टे खाजगी मालकीचे आहेत आणि दिवसाचे भाडे भरणाऱ्यालाच तिथे उभे राहता येते. अलास्का आणि कॅनडातून वाहणाऱ्या युकॉन नदीविषयी मी वाचले आहे. तिथले किंग घटल्यामुळे २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी सात वर्षे ते न धरण्याचा करार केला. त्या नदीच्या काठची आदिवासी गावे पिढ्यान्‌पिढ्या तोच मासा धुरावर सुकवून हिवाळा काढत आली. त्यांनी जाळी गुंडाळून ठेवली आहेत. मासा कमी झाला की सर्वांत आधी थांबायला कोणाला सांगितले जाते, हे पाहिले म्हणजे नीतीची चर्चा वेगळी दिसू लागते.

आपल्याकडे तोतलाडोहचे उदाहरण आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले गेले, त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९७ मध्ये न्यायालयाने छायाचित्र असलेले ओळखपत्र, ठरावीक वाट, काठावर आग न पेटवणे अशा अटी घालून ते परवाने चालू राहू दिले. त्या अटी मला जाचक वाटत नाहीत. पोट भरायला जाळे टाकणाऱ्याला जर इतक्या अटी पाळायच्या असतील, तर हौसेने येणाऱ्याला त्याहून कडक अटी असाव्यात एवढेच माझे म्हणणे आहे. पशुवैद्य ताईंच्या मनाची कळकळ मला समजते. आमच्या पागजाळ्यात येणारी मरळसुद्धा तडफडते, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी ‘आम्ही ती विकतो आणि जगतो’ इतकेच आहे.

आमचेही चुकते, ते लपवणार नाही. पहिल्या पावसात सांडव्याखाली चढणीचे मासे इतके दाटतात की पाण्यात पाय टाकला तर पोटरीला आपटतात, आणि त्या दोन रात्रींत जाळे लावणाऱ्याला आठवड्याची कमाई होते. माझ्या आजोबांच्या काळात त्या दोन रात्री सांडव्यावर कोणी जाळे लावत नसे. पुढे तलाव लिलावात जाऊ लागले, ठेकेदाराला वर्षभरात पैसे वसूल करायचे असत, आणि तो रिवाज मोडला. चार वर्षांपूर्वी आमच्या मच्छीमार संस्थेने ठराव करून तो पुन्हा सुरू केला. सगळे पाळत नाहीत. मागच्या वर्षी मध्यरात्री माझ्याच चुलतभावाचे जाळे मला काढावे लागले, आणि अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही. पण दोन वर्षांत बोटाएवढी देशी पिल्ले काठच्या गवतात पुन्हा दिसू लागली आहेत.

काका, तुमच्या आजीने सांगितले तेच आमचे आजोबा पाळत होते. त्यांना तो मासा खायचा होता, पुढच्या वर्षीही खायचा होता, म्हणून त्यांनी पोटुशीला जाऊ दिले. भाडे भरून एका दिवसासाठी आलेल्या माणसाला त्या नदीच्या पुढच्या वर्षाची काळजी कशी लागेल, हे मला कोणी समजावून सांगावे.

परतलेला वैदर्भीय

दादा, त्यातले थोडे मी सांगू शकतो. डीसारख्या नदीवर तेच गिऱ्हाईक वर्षानुवर्षे त्याच आठवड्याला येते, अनेकदा वडिलांनंतर मुलगा. त्यांच्याकडून आलेल्या पैशातून वरच्या ओढ्यांच्या काठी सावलीसाठी झाडे लावली जातात, म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी तापते. पण माझ्यासारख्या एकदाच गेलेल्या माणसाला तुमचा प्रश्न पूर्णपणे लागू होतो.

अंबाझरीकाठ, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस विचार केला आणि काल रात्री भाच्याशी सविस्तर बोललो.

जुलैचा बेत रद्द केला आहे. सरांनी महिन्यांचा जो हिशोब मांडला, तो मी वहीत लिहून पाहिला आणि माझ्यासारख्या नवख्याने डी नदीत दोर फेकावा असा एकही आठवडा मला त्यात सापडला नाही. ज्याने आयुष्यभर मोरपिसाच्या दांड्यावर मासे धरले, त्याला लांब काठीने माशी फेकणे एका दिवसात जमणार नाही. झुंज उगाच लांबेल आणि त्याची किंमत मासा मोजेल. परतलेल्या मित्राने नावेतल्या मादीचे जे वर्णन केले, ते वाचल्यावर वाटाड्याच्या भरवशावर स्वतःला सोडायचे धाडसही होत नाही.

भाच्याला आधी वाईट वाटले. मग त्यानेच सुचवले की डीला मिळणाऱ्या फ्यू नदीवर बँकरी गावाजवळ एक धबधबा आहे, आणि शरद ऋतूत सॅल्मन तिथे खडकांवरून उसळ्या मारत चढताना पुलावरून दिसतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये तिथे जाणार आहोत. पट्ट्याच्या भाड्यासाठी ठेवलेली रक्कम नदीकाठी झाडे लावणाऱ्यांना द्यावी असे मी म्हटले, आणि ते त्याला पटले. तिथला एखादा गिली भेटला तर त्याच्याशी बोलायचे मात्र आहे, कारण नदी वाचायला शिकलेल्या माणसाजवळ तासभर बसणे हाही माझ्या लेखी मोठा लाभ आहे.

पशुवैद्य ताई, तुमच्या प्रश्नातून मी सुटलेलो नाही. तो अंबाझरीलाही लागू होतो हे मला कळते. परवा सकाळी गेलो होतो. एक रोहू लागला, आणि पहिल्यांदाच त्याला काठावर तडफडत न ठेवता लगेच मारला. इतकी वर्षे तसे केले नाही, याचे वाईट वाटले.

भंडाऱ्याच्या दादांना एक विनंती आहे. येत्या मृगात तुमच्या तलावाचा सांडवा पाहायला यावे असे फार मनात आहे, नातवालाही आणीन म्हणतो. चालेल का?

मामातलाव, भंडारा

जरूर या, काका. पहिला मोठा पाऊस संध्याकाळी झाला तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत पोहोचा, ऊन वर आले की मासे थांबतात. सांडव्याचे दगड शेवाळलेले असतात, म्हणून नातवाला चप्पल न घालता अनवाणी चालू द्या आणि त्याचा हात धरा. विजेरी आणा, पण पाण्यावर मारू नका. राखणीला त्या रात्री मी तिथेच असेन.